रस्ता सांगणारी बाई

ती बाई आमच्या घरात नणंदेच्या सामानातून आली. नणंद अमेरिकेत असते. तिनं नवी गाडी घेतली, त्या गाडीच्या पोटातच नकाशा होता, म्हणून जुन्या गाडीच्या काचेला चिकटवायचं रस्ता दाखवणारं यंत्र तिनं भावाला देऊन टाकलं. भाऊ म्हणजे आमचे हे. अमेरिकेत जे कुणालाच नको असतं ते यवतमाळला भेट म्हणून येतं, हा माझा जुना अनुभव. पण नणंदेनं त्यात आपल्याकडचा नकाशा भरून आणला होता आणि आतली बाई हिंदीत बोलायची, एवढं श्रेय मी तिला देते.

हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले तेव्हापासून त्यांना हाताखाली कुणीतरी हवं होतं. यंत्र आलं आणि झालं उलटंच, हेच तिच्या हाताखाली गेले. दत्त चौकातून कोथिंबीर आणायची तरी आधी तिला पत्ता सांगायचा. जन्म यवतमाळात काढलेला माणूस, पण बाईनं "दाएँ मुड़ें" म्हटल्याशिवाय हात हलेना. मी म्हणायची, "अहो, मोबाइलमध्येही असतो म्हणे नकाशा." तर म्हणायचे, "मोबाइलले रेंज लागते. हिले काही लागत नाही. ही डायरेक्ट वरून पाह्यते." वरून पाहते हे ऐकल्यावर सासूबाईंनी तिला हळदकुंकू वाहिलं.

तिची काचेला चिकटायची रबरी वाटी आमच्या उन्हाळ्याला पुरी पडेना. भर रस्त्यात ती सुटायची आणि बाई धाडकन माझ्या मांडीवर पडायची, पडता पडताही "कृपया यू-टर्न लें" म्हणत. शेवटी ह्यांनी पायजम्याची नाडी घेऊन तिला समोरच्या गणपतीशेजारी बांधलं. अशी ती, कपाळाला कुंकू आणि कमरेला नाडी, आमच्या गाडीची मालकीण झाली.

हळदकुंकू वाहिलं तरी सासूबाईंचं तिच्याशी जमलं नाही. त्यांचं म्हणणं, रस्ता माणसाला विचारायचा असतो. आमच्या भागात रस्ता विचारणं हे काम नसून कार्यक्रम असतो. विचारावं तर उत्तर एकच, "हे काय, थोडंसं समोर." त्या थोडंसंमध्ये दोन गावं आणि एक जंगल मावतं. मग तुम्ही कुठचे, कोणाचे, तिथं कोणाकडे, चहा तर घ्या. माझं लग्न असंच जमलं. सासूबाई ह्यांच्यासाठी दुसरीच मुलगी पाहायला निघाल्या होत्या आणि त्यांनी आमच्या दारात रस्ता विचारला. माझ्या वडिलांनी पाणी दिलं, पाणी मी आणलं, आणि ती दुसरी मुलगी अजून कुठंतरी थोडंसं समोर वाट पाहत असेल. तेव्हा रस्ता विचारावा की नाही यावर मी फार बोलत नाही.

आता मावशीबद्दल सांगते. मावशी म्हणजे सासूबाईंची धाकटी बहीण, माहेरचं उरलेलं एकच माणूस. तिचे यजमान, आमचे मावसाजी, जमीन मोजणीच्या नोकरीत होते. लोकांच्या शेतांचे धुरे, म्हणजे बांध, मोजण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्तीनंतर ते आपल्या वडिलोपार्जित शेतावर घर बांधून राहायला गेले, पांढरकवड्याच्या अलीकडे हायवे सोडून मारेगावच्या अंगाला एका खेड्यात. आणि गेल्या गेल्या त्यांनी आपला स्वतःचा धुरा मोजला. सख्ख्या भावांनी तो हातभर कोरलेला निघाला. झालं. आधी भाऊ तुटले, मग शेजारी, मग सरपंच, मग तलाठी. टेप घेऊन फिरणाऱ्या माणसाला चहाला कोण बोलावणार? वास्तुशांतीला आम्ही गेलो तेव्हा घर नवं कोरं आणि पाहुणे फक्त आम्ही. मावसाजी पंगतीत वरण वाढता वाढता सांगत होते, "माह्यं या जगात कोणीच नाही." मावशी त्यांच्या मागं तुपाची वाटी घेऊन उभी होती. तिनं नुसतं तूप वाढलं.

त्याच दिवशी ह्यांनी मावशीचं घर यंत्रात साठवायचं ठरवलं. पण अंगणात मोठा आंबा होता आणि त्याच्याखाली बाईला वरचं काही दिसेना. ह्यांनी तिला हातात धरून आंब्याभोवती प्रदक्षिणा घातल्या, तरी नाही. परत निघालो, नाल्यावरचा रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, ओलांडून पलीकडच्या गावात शिरलो आणि बाईला एकदम कंठ फुटला. ह्यांनी गाडी थांबवली, कुठल्याशा घरासमोर बटण दाबलं आणि तिथं "मावशी" असं नाव टाकलं.

"अहो, हे मावशीचं घर नाही. मध्ये नाला आहे," मी म्हटलं.

"थोडंसं इकडंतिकडं. नाला काय पळून चालला का?"

नाला पळाला नाही. पण आम्हाला तिकडे पुन्हा जायचं कारण मावसाजींच्या मरणापर्यंत आलं नाही, आणि तोवर बटण नाल्याच्या भलत्या बाजूला दाबलं होतं ही गोष्ट आम्ही तिघंही विसरून गेलो होतो.

फोन सकाळी आला, शेजारच्या म्हातारीचा. मावसाजी पहाटे झोपेतच गेले. ऊन तापायच्या आत उचलणार होते. एकुलती मुलगी बंगलोरहून निघाली होती, पण ती संध्याकाळच्या आत येत नव्हती. सासूबाई रडल्या नाहीत. पदर खोचून स्वयंपाकघरात गेल्या आणि पिठलं-भाकरी करायला बसल्या. मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. घाटावरून माणसं परतली की माहेरच्या माणसानं आपल्या घरून आणलेल्या पिठलं-भाकरीचा पहिला घास तोंडात घालायचा. त्याला कडू घास म्हणतात. तो घेतल्याशिवाय मावशी पाणीसुद्धा पिणार नाही हे सासूबाईंना माहीत होतं. आणि मावशीला साखरेचा आजार. गोळी घेऊन उपाशी बसली तर चक्कर येऊन पडायची.

"सूनबाई, माह्या बहिणीले मीच भरवीन. दुसरं कोण आहे तिले?" एवढंच त्या बोलल्या आणि डबा मांडीवर घेऊन मागं बसल्या.

त्या आख्ख्या वाटेत मी डब्याकडे आणि घड्याळाकडे पाहत होते. हायवेवर सासूबाई म्हणाल्या, "बाबू, त्या ढाब्यावर इचार ना एकदा." हे म्हणाले, "आई, घर फीड केलेलं आहे. विचारायचं काय त्यात?" मयताच्या घरी फोन करून तुमचं घर कुठं हो, असं तर विचारताच येत नाही. मोबाइलची रेंज केव्हाच गेली होती. डांबरी सुटली, दोन्ही बाजूंना शेतात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या उभ्या, आणि बाई न चुकता बोलत होती. सासूबाईंना दुसरा आधार उरला नाही तेव्हा त्या तिलाच म्हणाल्या, "बाई, जरा लवकर ने वं."

बाईनं नेलं. "आप अपनी मंज़िल पर पहुँच गए हैं."

समोर मंडप होता, घर त्याच्याआड झाकलेलं. मंडपाबाहेर चपलांचा ढीग. आत सतरंजीवर पांढऱ्या कपड्यांतले पुरुष ओळीनं बसलेले, सगळ्यांची डोकी तासलेली, आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. आमच्यात सख्खा माणूस गेला की मुलं, भाऊ केस देतात. मला वाटलं, चला, भाऊ शेवटी आले. एवढी माणसं बघून खरं सांगते, मला बरं वाटलं. डोक्यांवर पिवळसर काहीतरी फासलेलं दिसत होतं, पण तेव्हा मी म्हटलं, असेल यांच्याकडची पद्धत.

सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांना दिसली ती एकच गोष्ट, मावशीच्याच बांध्याची एक बाई पदर डोक्यावरून घेऊन खांबाला टेकून बसलेली. फाटकापासूनच त्यांनी सुरू केलं.

"माय वं माय! सोडून गेले ना वं तुले!"

आणि जाऊन त्या बाईच्या गळ्यात पडल्या.

आता आमच्याकडे कुणी गळ्यात पडून रडलं तर आधी रडायचं आणि मग विचारायचं, कोण गेलं. नाहीतर माणूस निर्दय दिसतो. ती बाईही चांगल्या घरची होती. क्षणभर थांबली आणि तिनंही सूर लावला, "आता काय करू वं माय!" दोघी एकमेकींच्या पाठीवरून हात फिरवत मनसोक्त रडल्या. मंडपातल्या पुरुषांनी माना खाली घातल्या. हेही रुमाल काढून उभे राहिले. मी पदर डोळ्यांना लावला आणि पदराआडून मावशी कुठं दिसते ते पाहू लागले, कारण गळ्यातली बाई मावशी नव्हती एवढं माझ्या चष्म्यातून दिसत होतं. मला वाटलं, जाऊबाई असेल.

एवढ्यात त्या बाईचा पदर घसरला. तिचंही डोकं तासलेलं होतं.

सासूबाईंचा हात त्या गुळगुळीत डोक्यावरून फिरला आणि रडणं एकदम बंद. त्या मंडपाकडे वळून गरजल्या, "कोणं केलं रे हे? बाईचे केस उतरवले? कोणत्या जमान्यात राह्यता रे तुम्ही?"

एक जण चाचरत म्हणाला, "माय, त्यायनं सोताच्या मर्जीनं दिले."

"मर्जीनं? आज सकाळी नवरा गेला आन दुपारी मर्जी झाली?"

सासूबाईंनी सगळ्यांकडे एकदा जळजळीत नजरेनं पाहून घेतलं आणि खाली बसून डबा उघडला. भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली, आणि "घे माय, माह्या हातचा घे" म्हणत घास त्या बाईच्या तोंडाशी नेला. रडून झाल्यावर घासाला नाही म्हणायची तिची प्राज्ञा नव्हती. तिनं तोंड उघडलं.

आणि मला तिच्या मागं भिंतीला टेकवलेला हार घातलेला बालाजीचा फोटो दिसला. त्याच्यासमोर पितळी परातीत लाडू. आणि ओळीत पहिला बसलेला जो म्हातारा, त्याच्या गळ्यात झेंडूचा हार. मेलेल्या माणसाच्या घरी जिवंत माणसाच्या गळ्यात हार कुठून येणार? डोक्यांना फासलेलं ते चंदन होतं. ही माणसं तिरुपतीहून आली होती. गाडीच्या प्रवासानं आंबून गुमान बसली होती. आणि आम्ही त्या घरच्या मालकिणीला, बिचारीचा नवरा समोर धडधाकट बसलेला असताना, कडू घास भरवत होतो.

मी झेप घेतली म्हटलं तरी चालेल. सासूबाईंचं मनगट धरलं. पिठलं सतरंजीवर सांडलं.

"आई, ह्या मावशी नाहीत!"

"मंग कोण आहे?"

प्रश्न रास्त होता. मी त्या बाईकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे.

हारवाला म्हातारा उठून उभा राहिला. "आधी पाणी प्या. मंग सांगा, तुमच्याकडचं कोण गेलं?"

"आमच्याकडचं नाही," हे म्हणाले, "तुमच्याच घरचे… घरधनी."

म्हाताऱ्यानं एकदा आपल्या हाराला हात लावून पाहिला. "घरधनी तं मी हाव. मी तं सकाळीच आलो."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. हे मात्र तरातरा गाडीकडे गेले आणि नाडी सोडून बाईलाच पुराव्याला घेऊन आले. "हे पाहा, हिनं इथंच सांगितलं. घर फीड आहे." मंडपातली सगळी तासलेली डोकी त्या यंत्रावर वाकली. बाईनं त्यांनाही सांगितलं, "आप अपनी मंज़िल पर पहुँच गए हैं."

"मंग बरोबर आहे ना बाईचं," म्हातारा म्हणाला. "आलेच आहा तं जेवूनच जा. मावंदं आहे आज." मावंदं म्हणजे यात्रेहून आल्यावर घातलेलं गावजेवण. मागं चुलीवर पुऱ्या तळत होत्या. इकडे भरल्या घरात आम्ही मरण घेऊन शिरलो होतो, आणि हा माणूस आम्हाला पंगतीला बसवत होता.

सासूबाई उठल्या. त्यांनी मुलाच्या हातातलं यंत्र बाजूला सारलं आणि म्हाताऱ्यासमोर उभं राहून आयुष्यभर जे करत आल्या ते केलं.

"दादा, रस्ता सांगा. मोजणीवाल्या सायबाच्या घरी जायचं आहे. माह्यी बहीण उपाशी बसली आहे तिथं."

"मोजणीवाले साहेब गेले?" म्हातारा खाली बसला. त्याचं मावसाजींशी एकदा तहसीलीत कडाक्याचं वाजलं होतं हे आम्हाला नंतर कळलं. नाला जमिनीच्या कोणत्या गटात येतो यावरून. बातमी नाल्याच्या अलीकडे पोहोचलीच नव्हती, कारण ती पोहोचवावी असं कुणाला वाटलंच नव्हतं. म्हाताऱ्याच्या मुलानं छतावर चढून पलीकडच्या गावात कुणाला तरी फोन लावला आणि खाली येऊन सांगितलं, "अग्नी द्यायला आलते भाऊ. घाटावरूनच परस्पर घरी गेले. घरी ती बाई एकटीच आहे, शेजारची म्हातारी बसून आहे फक्त."

सासूबाईंनी डब्याचं झाकण लावलं. ते दोनदा उलटं बसलं. मला त्यांची कधी कीव आलेली नाही, तशी कुणाची टाप नाही. तेव्हा आली.

आमच्याकडे रस्ता सांगत नाहीत, दाखवायला येतात. म्हातारा चप्पल शोधू लागला. घरातली एक जख्ख म्हातारी म्हणाली, "देवाहून आल्या पायी मयतीले कायले जाता? मावंद्याचं जेवण व्हायचं आहे." तो म्हणाला, "बालाजीच्या दारी जायले दोन दिवस गाडीत बसलो. हे तं नाल्याच्या पलीकडं आहे." मग त्यानं पुरुषांकडे पाहिलं. "डोक्याचं चंदन पुसा रे. आन चला. पुऱ्या झाकून ठेवा."

तिरुपतीहून आलेली जीप अजून दारातच होती, बॉनेटवर हार तसाच. तो काढला आणि सगळे जीपमध्ये कोंबले गेले. मालकीण मात्र सासूबाईंशेजारी आमच्या गाडीत बसली. एकदा गळ्यात पडून रडल्यावर त्या दोघींचं नातं झालं होतं, त्याला नाव काय द्यायचं एवढंच राहिलं होतं. जीपच्या मागं आम्ही निघालो. यंत्रातली बाई सारखी "कृपया यू-टर्न लें" म्हणत होती, तिला ठाम माहीत होतं की आम्ही मावशीच्या घरापासून लांब चाललोय. रपट्यावर आल्यावर मी तिला नाडीसकट समोरच्या खणात कोंबलं.

मावशीच्या अंगणात आंब्याची वाळकी पानं पडली होती. चपला दोनच, एक मावशीची, एक त्या म्हातारीची. आत एका कोपऱ्यात दिवा, आणि मावशी भिंतीला टेकून बसलेली. ती रडत नव्हती. आम्हाला पाहूनही रडली नाही. सासूबाईंचं रडणं पलीकडच्या गावात खर्च होऊन गेलं होतं. त्या नुसत्या जवळ जाऊन बसल्या आणि डबा उघडला.

मावशीनं ओठ मिटून घेतले. तिचे हात थंडगार पडले होते, कपाळाला घाम होता.

"घे ना वं. एक घास."

"कोणीच नाही आलं वं बाई," मावशी म्हणाली. "भाऊ घाटावरून निंगून गेले. केसही नाही दिले कोणं. यायले वाटे माह्यं कोणी नाही, तं खरंच कोणी नव्हतं. मले नाही गिळत."

तेवढ्यात दारात अंधार झाला. म्हातारा वाकून आत आला. त्याच्या मागं त्याचा मुलगा, मग पुतणे, जावई, मग आणखी कोण कोण. आत मावेनात तेव्हा उरलेले ओसरीवर टेकले. एकेकानं डोक्यावरचा दुपट्टा काढून मांडीवर ठेवला. सगळं घर तासलेल्या डोक्यांनी भरून गेलं. एकाच्या कानामागं चंदन पुसायचं राहून गेलं होतं.

मावशी त्यांच्याकडे पाहतच राहिली. एका डोक्यावरून दुसऱ्यावर तिची नजर जात होती.

"तुम्ही कोण?" ती म्हाताऱ्याला म्हणाली. "यायच्या ओळखीचे?"

"तहसीलीत भेट होये आमची," म्हातारा म्हणाला.

"आन केस? केस काहून…"

ह्यांनी खुलासा करायला तोंड उघडलं. मी ह्यांच्या दंडाला असा चिमटा काढला की तो निळा डाग पुढं कित्येक दिवस होता. म्हाताऱ्यानं सावकाश आपल्या डोक्यावरून हात फिरवला. मला वाटलं, देवाच्या दारातून आलेला माणूस, हा काही खोटं बोलायचा नाही.

"दिले ना माय," तो म्हणाला. "साऱ्यायनंच दिले."

"मले तं म्हणत कोणीच नाही!" मावशी ओरडली. "जलमभर म्हणत राह्यले, आन एवढी माणसं!" आणि मग ती रडली. मोठ्यानं, छाती पिटून, नवऱ्यावर संतापून रडली. तिच्या मागं बसलेली ती तासलेल्या डोक्याची मालकीण दुसऱ्यांदा रडली, आणि या वेळी कोण गेलं ते तिला माहीत होतं.

सासूबाई घास हातात धरून थांबल्या होत्या. मावशीनं पदरानं तोंड पुसलं आणि तोंड उघडलं. मग दुसरा घास घेतला, मग तिसरा. ती डोकी पाहत पाहत तिनं आख्खी भाकर खाल्ली.